ऊन असताना यंत्र कशाला?

घाटघरला पावसाळ्यात धुतलेले कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत आणि जामखेडला मे महिन्यात परातीतली कणीक मळता मळता कोरडी पडते. दोन्ही ठिकाणं एकाच जिल्ह्यातली. सतरा हजार चौरस किलोमीटरहून मोठा, चौदा तालुक्यांचा हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात पहिला. त्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, कळसूबाई, हरिश्चंद्रगड आणि भंडारदऱ्याचं धरण. तिथल्या घाटघर-रतनवाडीला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. तिथून पूर्वेला सरकत गेलं की पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेड लागतात. तिथे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर, तोही आला तर. २०२४ पासून कागदावर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. बोलण्यात अजून नगर आहे, म्हणून इथेही तसंच लिहितो.

या नगरमध्ये अलीकडे एक खोका येऊ लागला आहे. ऑनलाइन मागवायचा, पाच-सहा हजारांपासून पुढे कितीही किमतीचा. आत जाळीच्या चाळण्या, मागे किंवा बुडाशी पंखा, पंख्याजवळ तापणारी तार, पुढे तापमानाचं आणि वेळेचं बटण. डिहायड्रेटर म्हणतात त्याला. सावेडीतल्या फ्लॅटमध्ये तो दिसतो, संगमनेरच्या बंगल्यात दिसतो आणि बचत गटांच्या बैठकीत त्याची चौकशी होते. जाहिरातीतल्या खोक्यावर किवी आणि स्ट्रॉबेरीच्या चकत्यांचे फोटो असतात. घरातली म्हातारी तो बघते आणि विचारते, एवढं ऊन पडलंय बाहेर, विकत कशाला घ्यायचं?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र महिना कोणता, तालुका कोणता आणि चाळणीत काय ठेवलंय यावर अवलंबून आहे.

आधी उन्हाची बाजू. होळी झाली की नगरच्या गच्च्यांवर, अंगणात, खाटांवर वाळवण सुरू होतं. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजतो. रोज पाणी बदलायचं, वास आंबूस झाला की वाटायचा, चोथा काढायचा, सत्त्व रात्रभर खाली बसू द्यायचं, सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं आणि मीठ घालून चीक शिजवायचा. चीक शिजवताना हाटत राहायला मनगट लागतं. गुठळी झाली की सोऱ्यातून कुरडई तुटते. पोरांना वाटीभर गरम चीक तूप-साखर घालून मिळतो, त्या बदल्यात त्यांनी दिवसभर कावळे हाकायचे. मग सालपापड्या, साबुदाण्याच्या चकल्या, बटाट्याचा कीस, मुगाचे सांडगे, ताक-मिठात मुरलेल्या सांडगी मिरच्या. बाजरीच्या खारोड्या थंडी सरता सरताच घालून झालेल्या असतात.

या सगळ्याला यंत्र लागत नाही, आणि यंत्राला हे झेपतही नाही. दहा किलो गव्हाच्या कुरडयांना अख्खी गच्ची लागते. घरगुती खोक्याच्या सगळ्या चाळण्या मिळून फार तर एखाद्या खाटेएवढी जागा होते. कुरडया खोक्यात घालायच्या म्हटलं तर आठवडाभर रात्रंदिवस तो घुरघुरत राहील आणि एप्रिलचं ऊन बाहेर फुकट जाईल. डिहायड्रेटर घेऊन वाळवणाची कटकट संपेल असं ज्यांना वाटतं त्यांनी पैसे खिशातच ठेवावेत.

पण वाळवण म्हणजे केवळ कुरडया-पापड नव्हेत. कोरडवाहू मुलखात भाजीसुद्धा वाळवावी लागते, कारण वर्षातले कितीतरी महिने शेतात भाजी नसते. नगर, बीड, सोलापूरच्या पट्ट्यात ही विद्या पिढ्यानपिढ्यांची आहे. हरभरा वीतभर झाला की शेंडे खुडायचे. खुडल्याने झाड फुटतं, पीक वाढतं आणि भाजीही मिळते. तो पाला सावलीत वाळवून मडक्यात किंवा डब्यात भरला की पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरतो. लसणाची फोडणी, शेंगदाण्याचं कूट, वर थोडं पीठ पेरलं की बाजरीच्या भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. हरभऱ्याच्या पानांवरची आंब म्हणजे मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल, म्हणून वाळल्यावरही त्या भाजीचा आंबटपणा टिकतो. गवारीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात एक उकळी काढून वाळवतात. वाळकाच्या, कारल्याच्या, वांग्याच्या काचऱ्या करतात. बोरं वाळवून कुटली, मीठ-तिखट लावलं की बोरकूट. शाळेबाहेर कागदाच्या पुडीत मिळणारा हा खाऊ म्हणजे आजच्या पाकीटबंद 'हेल्दी स्नॅक'चा थोरला भाऊ, तोही साखरेशिवाय.

यातली गवारीची उकळी लक्षात ठेवण्यासारखी आहे. भाजी चिरली किंवा नुसती ठेवली तरी तिच्यातली विकरं काम करत राहतात. रंग जातो, वास गवतासारखा होतो, चव फिकी पडते. उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं घालून लगेच थंड पाण्यात काढली की ही विकरं निकामी होतात. अन्नप्रक्रियेच्या पुस्तकात याला ब्लांचिंग म्हणतात आणि गाजर, मटार, कोबी, घेवडा, बटाटा वाळवण्याआधी ते कराच असं बजावतात. बटाटा न उकळता वाळवला तर काळा पडतो, हे किसाच्या निमित्ताने आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. कांदा, लसूण, मेथी, कोथिंबीर यांना मात्र उकळी नको. त्यांचा जीव वासात असतो आणि तो पाण्यात जातो.

हरभऱ्याचा पाला सावलीत का वाळवायचा, यालाही कारण आहे. थेट उन्हात हिरवा रंग उडतो, त्याबरोबर पानातलं कॅरोटिनही जातं. खोक्यात अंधार असतो आणि हवा खेळती असते. म्हणजे पालेभाजीपुरतं बोलायचं तर यंत्र उन्हाची नव्हे, ओसरीवरच्या सावलीची बरोबरी करतं.

आता दुसरी बाजू. वाळायला तीन गोष्टी लागतात: ऊब, कोरडी हवा आणि वारा. मे महिन्यात कर्जत-जामखेडला दुपारी पारा चाळिशीला टेकतो, हवा ठणठणीत कोरडी असते आणि वारा फुकट. जुलैत चित्र उलटतं. हवेत आधीच इतकी वाफ असते की ती आणखी घेत नाही. पण हवेचा एक गुण आहे: ती तापली की तिची तहान वाढते. जुलैतली २८ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ५५ अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यात पाण्याचा एक थेंबही कमी न होता सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते. डिहायड्रेटरचं सगळं शास्त्र एवढंच. भंडारदऱ्याच्या जुलैत तो जामखेडचा मे तयार करतो, फक्त फूटभर लांबी-रुंदीत.

हे आजचं नव्हे. फ्रान्समध्ये १७९५ साली भाज्यांच्या चकत्यांवर सुमारे ४० अंशांची गरम हवा खेळवणारी खोली तयार झाली. पुढे दोन महायुद्धांत सैन्यासाठी वाळवलेले बटाटे, कांदे, अंडी टनांनी निघाली. अकोल्याच्या आदिवासी वस्त्यांनी तर वीज न बघताच हे काम चुलीवर सोपवलं होतं. चुलीच्या वर टांगलेली मक्याची कणसं, लसणाच्या जुड्या, पावसाळ्यात पकडलेले मासे धुरात आणि उबेत वाळतात. धुरामुळे कीडही लागत नाही.

माशांवरून आठवलं. वाळवणाच्या कौतुकाचे लेख बहुधा पापडापाशी थांबतात. नगर जिल्ह्याच्या आठवडे बाजारात मात्र सुकट, बोंबील, जवळ्याच्या पाट्या लागतात. समुद्रापासून दीडशे-दोनशे किलोमीटरवरच्या माणसाला समुद्राची चव मिळते ती वाळवणामुळेच. आणि ज्यांच्या वाट्याला गावाने मेलेली गुरं ओढायचं काम दिलं, त्यांनी मांसाच्या पट्ट्या मीठ लावून दोरीवर वाळवल्या, त्या चान्या. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ मधल्या पुस्तकामुळे मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरातली ही विद्या छापील मराठीत नीट आली. वाळवण ही सणाची हौस होण्याआधी भुकेची तरतूद होती, हे त्या पानांवर जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याच पाककृतीच्या पुस्तकात दिसत नाही.

पुन्हा खोक्याकडे. त्याचा हिशेब विजेच्या बिलावर मांडायला हवा आणि विकणारे नेमका तोच मांडत नाहीत. टोमॅटोत ९४ टक्के पाणी. दोन किलो टोमॅटो वाळवले तर हातात १३० ग्रॅमच्या आसपास उरतं. म्हणजे पावणेदोन लिटरहून थोडं अधिक पाणी उडवायचं. एक लिटर पाण्याची वाफ करायला, काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी, पाऊण युनिटच्या आत-बाहेर वीज लागते. घरगुती खोक्यातून गरम हवा सतत बाहेर जात असते, त्यामुळे प्रत्यक्षात दुप्पट-तिप्पट. दोन किलो टोमॅटोंना तीन-चार युनिट धरा. युनिटला दहा रुपये म्हटलं तर तीस-चाळीस रुपये.

आता २०२३ साल आठवा. जुलैत टोमॅटो किरकोळ बाजारात किलोला दोनशे रुपयांवर गेला होता. सप्टेंबर उजाडला आणि शेतकऱ्याला किलोमागे पाच रुपये मिळेनात. क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले गेले. संगमनेर-अकोल्याचा टोमॅटो उत्पादक नारायणगावच्या बाजाराकडे डोळे लावून बसलेला असतो, त्याला हे चढउतार सांगायला नकोत. पाच रुपयांच्या टोमॅटोवर चाळीस रुपयांची वीज घालायची? घरापुरतं उत्तर: हो, घाला. पुढच्या महागाईत त्या १३० ग्रॅमची किंमत दोन किलो टोमॅटोंएवढी आहे, रोजच्या आमटीला चमचाभर भुकटी पुरते आणि सप्टेंबरच्या ढगाळ हवेत उन्हावर टोमॅटो वाळत नाही, सडतो. शेतकऱ्याच्या शंभर क्रेटसाठी उत्तर: नाही. घरगुती खोक्यातून त्याची सुटका नाही आणि तसं सांगणारा त्याची दिशाभूल करतो.

कांद्याचं तर याहून अवघड. नेप्ती आणि घोडेगावच्या बाजारात भाव पडले की दर वेळी कोणीतरी टीव्हीवर सांगतं, शेतकऱ्याने कांदा वाळवून विकावा. कांदा वाळवण्याचा धंदा देशात मोठा आहे, पण तो गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या महुव्याला आणि आपल्याकडे जळगावात आहे, आणि तो मुख्यतः पांढऱ्या कांद्यावर चालतो. वाळवणाच्या कांद्यात घन भाग १५ ते २० टक्के हवा. आपल्या चाळीतल्या लाल-गुलाबी गावरान कांद्यात तो अकरा-तेरा टक्क्यांच्या आसपास असतो. तेवढीच वीज, तेवढीच मजुरी, आणि माल कमी, शिवाय रंग तपकिरी. घरच्या कांदा-लसूण मसाल्यासाठी किंवा येसरासाठी चार किलो कांदा वाळवायला मात्र हा खोका चांगला. फक्त तो बाल्कनीत ठेवा. एकदा स्वयंपाकघरात कांदा वाळवला की आठ दिवस चहालाही त्याचा वास येतो.

मग नगरच्या घरात हा खोका नक्की कशासाठी? माझ्या मते तीन कामांसाठी.

पहिलं, पावसाळ्यात स्वस्त होणाऱ्या गोष्टी. श्रीगोंदा-कर्जतचं कागदी लिंबू उन्हाळ्यात सोन्याच्या भावाने जातं आणि जुलै-ऑगस्टात उचलायला माणूस मिळत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने साई सरबतीसारखा भरघोस रसाचा वाण दिला, झाडं वाढली आणि पावसाळी हंगामातलं लिंबू तर आणखी वाढलं. आखाती देशांत आणि इराणात लिंबं मिठाच्या पाण्यात उकळून काळी होईतो वाळवतात आणि रस्सा-भातात घालतात. आपल्याकडे ते कोणी करत नाही. ५५ अंशांवर लिंबाच्या पातळ चकत्या रात्रभरात वाळतात. त्या गरम पाण्यात घालून पिता येतात, सालीची भुकटी भातावर भुरभुरता येते. हा पदार्थ नगरने आपलासा करायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

दुसरं काम, पालेभाजी आणि मसाल्याची पानं. कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, शेवग्याचा पाला ४५ ते ५० अंशांवर चार-पाच तासांत कुरकुरीत होतात. थंडीतली मेथी मात्र ओसरीवर सावलीत वाळवा. तेव्हाची हवा कोरडी असते, यंत्राची गरज नाही.

तिसरं, फळांचा गर. राहात्याचा पेरू प्रसिद्ध आहे. त्यातला सरदार हा वाण, ज्याला लखनौ-४९ म्हणतात, १९२७ च्या सुमारास पुण्याच्या गणेशखिंडीत निवडला गेला आणि देशभर गेला. थंडीत राहात्याच्या रस्त्याकडेला पाट्या भरून पेरू असतो. शिजवून, चाळणीवर गाळून बिया काढायच्या, किलोभर गराला शंभर-दीडशे ग्रॅम साखर आणि लिंबू, मग तेल लावलेल्या ताटलीवर पाव इंच जाड पसरून साठ अंशांवर आठ-दहा तास. कोकणातल्या आंबापोळी-फणसपोळीची ही देशावरची बहीण. उन्हात करता येते, पण गोड गराला मधमाश्या, मुंग्या, धूळ सगळंच चिकटतं. जाळी बांधूनही शांतता नसते. इथे बंद खोका उपयोगी पडतो. चिकूच्या फोडी तशाच. डहाणू-घोलवडच्या वाळवलेल्या चिकूला बाजार आहे, कारण चिकू वाळल्यावर खजुरासारखा लागतो.

केळ्याबाबत जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. खोक्यात केळ्याचे कुरकुरीत वेफर होत नाहीत, ते तेलातच होतात. खोक्यात होते ती चिवट, गोड, दाताला चिकटणारी चकती. वसईची सुकेळी ज्यांनी खाल्ली आहेत त्यांना ती आवडेल. तिकडे राजेळी केळी सोलून उन्हात दिवसेंदिवस वाळवतात आणि रात्री झाकून ठेवतात. डाळिंबाचंही तसंच. संगमनेर-राहात्याच्या भगव्या डाळिंबाचा अनारदाणा करण्याचा मोह होतो, पण भगवा गोड वाण आहे आणि अनारदाण्याला आंबटपणा लागतो. हिमाचलात त्यासाठी जंगली आंबट डाळिंब वापरतात. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने 'सोलापूर अनारदाणा' नावाचा वेगळा वाणच काढला, तो यासाठी.

द्राक्षांचं एक गुपित सांगलीकडून घ्यावं. तासगावकडचा बेदाणा शेडमध्ये, सावलीत, जाळ्यांच्या मजल्यांवर पंधरा दिवसांच्या आसपास वाळतो. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो पाणी बाहेर सोडत नाही. म्हणून घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. घरी द्राक्षं उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून काढली तरी सालीला बारीक तडे जातात. असं न बुडवताच खोक्यात टाकलं तर दोन दिवस वीज जळेल आणि द्राक्ष आत रसाळच राहील.

घाई हा या कामातला सगळ्यांत मोठा शत्रू. तापमान वाढवलं की लवकर वाळेल असं वाटतं. प्रत्यक्षात बाहेरची कड टणक होऊन बसते आणि आतलं पाणी अडकतं. वरून वाळलेलं, आतून ओलं असं हे फळ डब्यात महिनाभराने बुरशी दाखवतं. म्हणून वाळल्यावर लगेच डबाबंद करून माळ्यावर टाकू नये. काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरून आठवडाभर ओट्यावर ठेवावं, रोज हलवावं. काचेला आतून धुकं धरलं तर पुन्हा खोक्यात. नाही धरलं, तर मग घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात, चुलीपासून लांब.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगायला हव्यात. वाळवल्याने जंतू वाढत नाहीत, पण मरतातच असं नाही. भाजी आधी स्वच्छ धुतलेली हवी आणि वाळलेली भाजी पाण्यात फुगवली की ताज्या भाजीइतक्याच लवकर शिजवायला हवी, तासन्‌तास ओट्यावर ठेवू नये. दुसरी, वाळवलेला टोमॅटो किंवा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवण्याची फॅशन आली आहे. तेलाखाली हवा नसते आणि बोट्युलिझमचे जंतू हवा नसलेल्या जागीच वाढतात. आपल्या लोणच्यात आंबट आणि मीठ भरपूर असतं, म्हणून ते टिकतं. तेलातला लसूण लोणचं नव्हे. तो फ्रिजमध्ये, तोही थोडे दिवस. मिरचीचं आणखी एक: ओलसर हवेत हळूहळू वाळणाऱ्या मिरचीवर आणि शेंगदाण्यावर जी बुरशी धरते ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते शिजवून जात नाही. अवकाळी पावसात भिजलेली मिरची बाहेर पुन्हा उन्हाची वाट बघत ठेवण्यापेक्षा खोक्यात घातलेली बरी. गेल्या काही वर्षांत मार्च-एप्रिलमध्ये गारा आणि अवकाळी ज्या नेमाने येतात, ते बघता कुरडयांच्या हंगामातही एखादा खोका अर्धवट वाळलेल्या मालाच्या डागडुजीला जवळ असावा, एवढं मी मान्य करतो.

वाळवायचं ते फक्त खाण्यासाठी नसतं, बियाणंही वाळवावं लागतं. आणि बियाण्याचा विषय आला की अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव येणारच. शेकडो गावरान वाणांचं बियाणं जपणाऱ्या राहीबाईंना पद्मश्री मिळाली ती २०२० च्या यादीत. त्यांच्याकडे बियाणं उन्हात वाळवून, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात आणि कणगीत ठेवतात. खायचं वाळवण आणि पेरायचं वाळवण यांत फरक एवढाच की बियाण्यात जीव राहायला हवा. चाळीस अंशांच्या वर बियाण्याची उगवण धोक्यात येते. ज्या खोक्यावर ३५ अंशांचं बटण आहे त्यात परसातल्या घेवड्याचं, काकडीचं बी पावसाळ्यात वाळवता येतं. ज्याचं सर्वांत कमी तापमान ५० आहे त्यात ते मरतं. यंत्र घेताना ही खालची मर्यादा कोणी विचारत नाही, वरचीच विचारतात.

आणि मग विकण्याचा प्रश्न. बचत गटातल्या बायका विचारतात तो हाच. केंद्राच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत कर्ज काढून उभ्या केलेल्या प्रकल्पाच्या खर्चावर ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं गेलं आणि गटाच्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल. कागद जमवले तर पैसा मिळतो. अडतं पुढे. माल कोण घेणार?

शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात याचं एक उत्तर बघायला मिळतं. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून शिकलेल्या वैभव तिडके, निधी पंत आणि त्यांच्या सोबत्यांनी उभी केलेली एसफोरएस टेक्नॉलॉजीज ही कंपनी गावातल्या बायकांना सूर्याच्या उष्णतेवर चालणारी वाळवणी यंत्रं देते, बायका त्यात कांदा, भाजी वाळवतात आणि कंपनी तो माल घेऊन अन्न उद्योगांना विकते. २०२३ मध्ये या कंपनीला कचरामुक्त जगाच्या गटात अर्थशॉट पुरस्कार मिळाला, दहा लाख पौंडांचा. बातम्यांत यंत्राचं कौतुक झालं. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते यंत्र नव्हे, माल घेणारा आधी ठरलेला असणं. यंत्र आधी आणि गिऱ्हाईक नंतर या क्रमाने गेलेल्या गटांच्या खोल्यांत धूळ खात पडलेली यंत्रं हवी तेवढी दाखवता येतील. त्यात शेवई यंत्रं आहेत, पापड यंत्रं आहेत. उद्या त्यांच्या शेजारी डिहायड्रेटर नको.

म्हणून ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी एवढं करावं. एका घराने एक घेण्यापेक्षा चार-पाच घरांनी मिळून मोठ्या चाळण्यांचा एक घ्यावा. वर्षातले सात-आठ महिने तो रिकामाच राहणार आहे, कारण तेवढे महिने नगरला ऊन आहे. ३५ ते ७० अंशांची नियंत्रणं असलेला बघावा. लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून मगच चाळण्या भराव्यात, मधे वीज गेली की गर आंबतो. पहिल्या महिन्यात प्रत्येक खेपेच्या आधी आणि नंतर मीटरचा आकडा वहीत लिहावा. आणि विकायचं असेल तर पहिला किलो वाळवण्याआधी दहा गिऱ्हाइकांकडून आगाऊ मागणी घ्यावी. ती मिळाली नाही, तर यंत्र पुढच्या वर्षी.